लोकर आटत का नाही?

प्रश्न : ताई, मी क्रोशेने लोकरीच्या गोल चकत्या विणून राहिली आहे, गरम भांड्याखाली ठेवायला. सीताबर्डीवरून चार रंगांची लोकर आणली, गरम पाण्यात साबण घालून फेल्ट करायची (म्हणजे आटवून जाड, घट्ट करायची) म्हणून मशीनमध्ये दोनदा फिरवली पण काहीच झालं नाही, उलट ढिली पडून भुरभुरीत झाली. अन् सासऱ्यांचा जुना करडा स्वेटर उसवून त्याची एक विणली होती ती मात्र मस्त आटून जाड झाली. माझं काय चुकलं?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही हो, लोकरच लोकर नव्हती! आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ना त्यातलं बरंच ॲक्रिलिक असतं, म्हणजे प्लास्टिकचाच धागा, तो कितीही उकळा, आटणार नाही. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात, गरम पाण्यात आणि साबणात ते उघडतात, आणि घासलं की एकमेकांत असे अडकतात की परत सुटत नाहीत. सासऱ्यांच्या स्वेटरचं तेच झालं.

आता आधी ओळखायचं कसं ते सांगते. बोटभर धागा चिमट्यात धरायचा, खाली पाण्याची वाटी ठेवायची आणि काडी लावायची. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ती आपोआप विझते आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा टणक मणी होतो. म्हणूनच कळकळीने सांगते, त्या चार रंगांच्या चकत्यांवर तवा किंवा कुकर ठेवू नका, वितळून चिकटतील. पाण्याच्या ग्लासाखाली वापरा, छान दिसतील.

एक अजून, लेबलवर सुपरवॉश लिहिलेली लोकर खरी असली तरी घेऊ नका, तिचे खवले मुद्दाम घालवलेले किंवा झाकलेले असतात. पांढरी शुभ्र पण कधीकधी त्रास देते, ब्लीच केलेली असते म्हणून.

विणताना सुई नेहमीपेक्षा मोठी घ्या, टाके इतके सैल की आरपार दिसलं पाहिजे, बघून वाटतं हे काय जाळं विणलं, पण तसंच हवं. आणि नमुना केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी सुयांवर 20 सेंमीचा चौकोन विणला होता तो 16 रुंद आणि 13 उंच झाला, उंचीत जास्त आटतं हे तेव्हा डोक्यात बसलं. मशीनमध्ये 60 डिग्रीला, उशीच्या अभ्र्यात गाठ मारून टाका, नाहीतर निघालेला तंतू फिल्टरमध्ये जाऊन बसतो, सोबत एखादी जुनी जीन्स घासायला. साबण चमचाभरच, फेस जास्त झाला तर घासलंच जात नाही. मशीनला हीटर नसेल तर गिझरचं पाणी टबात घ्या, रबरी हातमोजे घालून चोळत राहा, पाऊण तास लागतो आणि खांदे दुखतात. टाके दिसेनासे झाले की थांबा, कारण आटलेलं परत मोठं होत नाही.

प्रश्न : फेल्ट केलेला बाऊल उभाच राहत नाही, काय करू? – त्याच वाचक

उत्तर : ओला असतानाच स्टीलच्या डब्यावर उलटा चढवा, हाताने ओढून कडा सरळ करा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. सावलीतच वाळवा, आपल्या नागपूरच्या उन्हात रंग उडतो. तरी लुळा पडला तर पुढच्या वेळी दुहेरी धाग्याने विणा.