ती खानावळ पुढच्या वेळीही उघडी सापडावी म्हणून

प्रश्न : मावशी, सादर नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. गेल्या महिन्यात रावेरला भाच्याचं लग्न होतं. परत येताना बऱ्हाणपुरात गाडी पंक्चर झाली, म्हणून शनवाऱ्याजवळ थांबलो. पंक्चरवाल्याला विचारलं, इथे जेवायला कुठे बरं मिळेल? त्याने मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. जुन्या घराची खालची खोली, तीन टेबलं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले मागावरचे लाकडी धोटे, आणि चालवणारे दोघं नवराबायको. बाईंनी आधीच सांगितलं, "घाई असेल तर बसू नका. भाकरी आता थापते, वेळ लागतो." कळण्याची भाकरी, पातोड्यांचा रस्सा, ठेचा, कांदा. सासूबाईंचं माहेर भुसावळचं. पहिला घास घेतला आणि त्या बोलायच्याच थांबल्या. चौघांचे ४४० रुपये झाले. दुपारी अडीच ते चार आम्ही तिथे होतो, तेवढ्या वेळात दुसरं कुणी आलं नाही. आधी त्या खोलीत चार पॉवरलूम होते, ते विकले, असं त्यांच्याकडून कळलं. मुलगा म्हणतो, रील टाकू, लोक धावत येतील. आमचे हे म्हणतात, कुणाला सांगू नकोस, गर्दी झाली की सगळी मजा जाते. मला मात्र भीती वाटते की पुन्हा जाऊ तेव्हा दाराला कुलूप असेल. आम्ही काय करावं?
(एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : तुमची भीती खरी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. रीलचं नंतर.

मी बत्तीस वर्षं बँकेच्या तपासणी विभागात काढली. खंडवा, खरगोन, सेंधवा, बऱ्हाणपूर, सगळ्या निमाडात फिरले. एका शाखेत पाच-सहा दिवस मुक्काम, म्हणजे दहा-बारा जेवणं बाहेर. बाईमाणूस एकटी, हातात फायलींची पिशवी, अशी मी किती खानावळींच्या दारात उभी राहिले असेन! पुढच्या वर्षी त्याच गावी तपासणी लागली की गाडीतून उतरतानाच मनात यायचं, ती अजून असेल ना? कितीदा नसायची.

बऱ्हाणपूर हे विणकरांचं गाव. मोगलांच्या काळात दक्षिणेचा कारभार इथून चालायचा. मुमताज महल १६३१ मध्ये इथेच वारली आणि तिला आधी तापीपलीकडच्या आहूखाना नावाच्या बागेत पुरलं होतं. सातपुड्याकडचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर गावात आणणारा कुंडी भांडारा मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळचा, १६१५ च्या सुमाराचा. एवढा मोठा वारसा असलेल्या गावाचं पोट मात्र कापडावरच चाललं. आधी हातमाग, मग पॉवरलूम. लालबागची ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. घराघरातले लूम सुताचा भाव, विजेचं बिल आणि कापडाला मिळणारा दर यांच्या मध्ये सापडले. लूम भंगाराच्या भावात जाताना मी कर्जखात्यांत पाहिलेत. लिलावाच्या कागदावर आपली सही असली की घरी येऊन जेवण जात नाही.

आता खानावळीचा याच्याशी काय संबंध? सगळाच. लूम पाळीत चालतो. रात्रपाळी सुटली की माणसाला पहाटे गरम भाकरी लागते. दिवसपाळीचा माणूस दुपारी घरी जात नाही, गल्लीतच जेवतो, आणि हिशोब पगाराच्या दिवशी. असे पंधरावीस रोजचे जेवणारे असले की खानावळ उभी राहते. आपल्यासारखा गाडीतून आलेला माणूस हा वरकड. लूम थांबला की आधी पहाटेची भाकरी बंद होते, मग दुपारची, आणि उरते ती तुम्ही पाहिलेली अडीच ते चारची रिकामी खोली. बाईंच्या हाताची चव तेवढीच असते, जेवणारा मात्र सुरतला किंवा भिवंडीला गेलेला असतो.

हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढले. हुकुमचंद, मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी, या सहा कापडगिरण्यांचे भोंगे ऐकून आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. आमच्या गल्लीत एका विधवा बाईंची खानावळ होती, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. खानदेशातून, कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार तिथे महिन्याने जेवायचे. आत्यांची वही मला अजून दिसते. लाल कापडाची बांधणी, प्रत्येक माणसाला एक पान, जेवणाला एक उभी रेघ, आणि खाडा असला तर छोटं शून्य. गिरण्या बंद पडत गेल्या तशी ती पानं शून्यांनी भरत गेली. शेवटी तर शून्यही घालायचं राहिलं, नुसती कोरी पानं. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिच्या कामगारांच्या देण्याचा निकाल लागला २०२३ च्या डिसेंबरात. मधल्या बत्तीस वर्षांत किती आत्यांच्या चुली विझल्या, त्याची नोंद कुठल्याच फायलीत नाही. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या नावाने झाँक्या, म्हणजे सजवलेले देखावे, अजूनही निघतात, सगळं इंदूर रात्रभर जागतं, आणि मी गर्दीत उभी राहून आत्यांच्याच गल्लीकडे बघते.

म्हणून तुमच्या यजमानांना माझ्याकडून सांगा, कुणाला न सांगणं ही चूक होईल. बऱ्हाणपूरच्या त्या दोघांना आज माणसं हवी आहेत. लपवून ठेवलेली जागा तुमच्यासाठी थांबून राहत नाही.

आणि मुलालाही सांगा, जरा थांब. निमाडातल्याच एका गावात, नाव लिहीत नाही, एक जोडपं घरच्या ओसरीवर जेवण द्यायचं. कुणीतरी त्यांच्याबद्दल खूप छान लिहिलं. दोन महिने रविवारी गाड्यांची रांग लागली. रोजच्या जेवणाऱ्यांना बसायला जागा मिळेना, त्यांनी दुसरीकडे डबे लावले. त्या दोघांनी कर्ज काढून फ्रीज, प्लास्टिकच्या वीस खुर्च्या आणि बाहेर रंगीत फलक घेतला. पाऊस सुरू झाला, रविवारच्या गाड्या आटल्या, आणि रोजचे जेवणारे काही परत आले नाहीत. ते खातं मी तपासणीत पाहिलं. हप्ते थकलेले, फ्रीज शाखेच्या मागच्या खोलीत. सगळे नियम पाळूनच दिलेलं कर्ज होतं, पण माझ्या डोक्यातून ते दुखणं गेलेलं नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे बाईंना फोन करून विचारा, "तुमच्याबद्दल चार लोकांना सांगितलं तर चालेल का? एका वेळी किती माणसं झेपतील?" हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो. भाकरीचं कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. कळणं म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद, एकत्र दळलेलं. पीठ हाताला चिकटतं, कडा फाटतात, घाई केली की भाकरी तव्यावर पडतानाच मोडते. एक बाई तासाभरात किती थापणार? पातोड्यांचंही तसंच. बेसन शिजवायचं, ताटात थापायचं, गार झालं की वड्या पाडायच्या, कांदा-खोबरं काळपट होईतो भाजून रस्सा करायचा. सकाळी जेवढ्या वड्या पाडल्या तेवढीच माणसं त्या दिवशी जेवणार. अचानक पन्नास माणसं आली तर रस्सा पाणचट होईल, भाकरीऐवजी बाजारातल्या पोळ्या येतील, आणि तुम्हाला जे आवडलं तेच हरवेल.

त्यांनी हो म्हटलं तर खुशाल लिहा, पण कामाचं लिहा. काय मिळतं, कधी मिळतं, किती वेळ लागतो, आधी कळवायला लागतं का. बाईंचा चेहरा त्यांच्या परवानगीशिवाय टाकू नका. "गरीब बिचारे" असा सूर तर मुळीच नको. ती दोघं धंदा करताहेत, मान राखून करताहेत.

दुसरं, तुम्ही स्वतः परत जा, आणि मधल्या वारी जा. रावेरला नातं जुळलंय, म्हणजे वर्षातून चार-पाच खेपा होणारच. प्रत्येक वेळी तिथे थांबा. सोबत आठ-दहा माणसं न्या, चाळीस नकोत. निघताना ठेचा, बिबडे (ज्वारीचे वाळवलेले पापड), घरचा काळा मसाला विकत मागा. नसतील करत, तर पुढच्या वेळेसाठी दोन किलोची ऑर्डर द्या आणि पैसे आधी द्या. रिकाम्या दुपारी हात चालता ठेवणारं ते काम आहे, आणि बिबडे उन्हाळ्यात केले की वर्षभर टिकतात. इंदूरच्या मराठी घरांत या वस्तूंना किती मागणी आहे ते तुम्ही जाणताच. सोसायटीतल्या पाच घरांनी मिळून दर दोन महिन्यांनी ऑर्डर दिली, तर त्या खोलीचं वीजबिल त्यातून निघेल.

तिसरं बँकेतली बाई म्हणून सांगते. छोट्या खानावळीला फूड सेफ्टीची साधी नोंदणी पुरते, फी वर्षाला १०० रुपये. ती नसेल तर मुलाला म्हणावं, रील करण्याआधी त्यांना तो अर्ज भरून दे. डबाबंद मसाला विकायचा तर ती लागेलच. आणि त्यांनी विचारलं तरच सांगा, मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. पण कर्ज घेऊन खुर्च्या वाढवायचा सल्ला देऊ नका. मोठं पातेलं, चांगली शेगडी, पाट्यासारखं वाटण करणारा मिक्सर, जे रोज वापरात येईल तेवढंच घेऊ दे.

एक विचारायचं राहिलं, भिंतीवरचे धोटे कुणाच्या हातचे आहेत? पुढच्या वेळी त्या दादांना विचारा. लूम विकून धोटे ठेवणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं खूप असतं.

प्रश्न : अनोळखी गावात चांगली जागा ओळखायची कशी? फोनवर सगळ्यांनाच चार तारे असतात. (एक वाचक, देवास)

उत्तर : मी नेहमी शाखेच्या शिपायाला विचारायचे, "साहेब लोक जेवतात ते नको, तुम्ही डबा आणला नाही तर कुठे जाता?" तुम्हाला पंक्चरवाला, एसटी स्टँडवरचा हमाल, कापडदुकानातला माणूस चालेल. त्या भागाचं जे आहे तेच मागायचं. बऱ्हाणपुरात गेलात तर उलट्या कढईवर भाजलेले रुमालाएवढे मोठे, पातळ मांडे बघा, खव्याची काळसर मावा जिलबी खा, आणि रवा-साखर-तूप फेटून केलेला दराबा घरी आणा. तिथे जाऊन पनीर मसाला मागितला तर मिळेल, पण तो इंदूरसारखाच असेल. दारातून एक नजर स्वयंपाकघरात टाका. पाण्याचा माठ झाकलेला आहे आणि वाढणारा माणूस स्वतः तेच जेवतोय, एवढं दिसलं की मी बसते.

प्रश्न : इंदूरहून बऱ्हाणपूर एका दिवसात होईल का? सोबत वयस्कर आईवडील आहेत. (एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : होईल, पण पहाटे निघा. अंतर १८० किलोमीटरच्या आसपास, तरी इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ट्रक फार असतात आणि भेरूघाटात गाडी अडकली की तास मोडतो. बडवाहला चहा-पोहे, मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदेला नमस्कार, मग सरळ खंडव्याकडे. असीरगड खालूनच दाखवा, आईवडिलांना चढ झेपणार नाही. कुंडी भांडारा ऊन चढायच्या आत करा. आणि राजेंद्र नगरच्या बाईंकडून त्या खानावळीचा नंबर मिळालाच, तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करून किती भाकऱ्या लागतील ते सांगून ठेवा. कळणं संध्याकाळी दळून आणावं लागतं.