ओळखी खूप, आपलं कुणीच नाही

"मॅडम, ऑफिसात दीडेक हजार माणसं आहेत. निम्म्यांशी हसून बोलते. पण एखादा दिवस वाईट गेला, तर कुणाच्या टेबलाशी जाऊन बसावं तेच सुचत नाही."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या या बाईंना बदली होऊन मुख्य कार्यालयात येऊन 8 महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मला आधी त्या भिडस्त वाटल्या. तसं नव्हतं. त्या प्रत्येक कार्यक्रमाला जात, नावं लक्षात ठेवत, आठवणीनं शुभेच्छा पाठवत. आणि घरी आल्यावर स्वतःवरच चिडत, "हे सगळं मी कामं अडू नयेत म्हणून करते. खोटंच ना हे?"

गेल्या आठवड्यात कुणाकुणाशी बोललात ते लिहा, म्हटलं. 29 नावं निघाली. मग विचारलं, मागच्या वेळी जे बोलणं झालं होतं त्याची पुढे विचारपूस कुणाकडे केलीत? बराच वेळ पेन हलेना. मदत कुणाकडे मागितलीत? "छे, हिला काम येत नाही असं वाटेल."

मोठ्या कार्यालयातून आलेल्या अनेकांकडे मी हेच पाहते. पहिलं बोलणं शंभरांशी होतं, दुसरं कुणाशीच नाही. त्यात अंतराची भर. थॉमस ॲलन या संशोधकांनी 1970च्या दशकात अभियंत्यांचा अभ्यास केला, तेव्हा टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं घटतं आणि साधारण 50 मीटरपुढे ते अगदीच तुरळक होतं, असं दिसलं. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा माणूस आपोआप जवळचा होत नाही. उठून जावं लागतं.

आम्ही फक्त तीन माणसं निवडली, तिन्ही वेगळ्या विभागांतली. महिनाभर मेलऐवजी शक्य तेव्हा स्वतः जायचं, त्यांच्या कामात अडतं कुठे ते विचारायचं आणि पुढच्या खेपेला ते लक्षात ठेवायचं.

एकीनं कामापलीकडे बोलणं वाढवलंच नाही. बाईंना ते फार लागलं. त्यावर आम्ही एक अख्खं सत्र घालवलं, कारण "मी आवडलेच नसेन" ही त्यांची जुनीच जखम होती. मी त्यांना 2018मधल्या एका संशोधनाबद्दल सांगितलं: अनोळखी माणसाशी गप्पा झाल्यावर, आपण समोरच्याला जितके आवडलो असू त्याहून कमीच आवडलो, असं बहुतेकांना वाटतं. बाई गप्प राहिल्या, पण पुढच्या आठवड्यात उरलेल्या दोघांकडे पुन्हा गेल्या.

लेखा विभागातले एक गृहस्थ बोलता बोलता म्हणाले होते, महिनाअखेरीला पुसट बिलं वाचून डोळे दुखतात. बाईंनी पुढची बिलं ठळक प्रती काढून, तारखेनुसार लावून नेली आणि विचारलं, "डोळे कसे आहेत आता?" मग आपल्याला न कळलेला एक तक्ता समजावून द्यायला सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून दिली.

कामाच्या निमित्तानं सुरू झालं म्हणून हे खोटं ठरतं का, असं बाईंनी मला पुन्हा विचारलं. मला नाही तसं वाटत. त्यांचे डोळे दुखतात हे तुम्हाला खरंच जाणवलं होतं, मी म्हटलं.

तिसऱ्या महिन्यात बाई दोन दिवस आजारी होत्या. परत आल्या त्या दिवशी टेबलावरचा फोन वाजला. "बिलाचं काही नाही हो," ते गृहस्थ म्हणाले, "दोन दिवस दिसला नाहीत, म्हणून केला."