संजय दत्तला शिक्षा बॉम्बस्फोटांसाठी झाली की शस्त्रांसाठी?

शिक्षा शस्त्रांसाठी झाली. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या कटाच्या आरोपातून विशेष टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने नोव्हेंबर २००६ मध्येच संजय दत्तला मुक्त केले होते. मी धुळ्यात वकिली करतो आणि खानदेशात पारावरच्या गप्पांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा उलटेच ऐकू येते, म्हणून निकालाच्या आधारे लिहितो. एके-५६ रायफल आणि ९ मिमी पिस्तूल बेकायदा बाळगल्याबद्दल त्याला शस्त्र अधिनियमाखाली दोषी धरून २००७ मध्ये सहा वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली. आधी भोगलेली सुमारे दीड वर्षाची कैद वजा करून उरलेली शिक्षा त्याने मुख्यतः येरवडा कारागृहात भोगली आणि नियमांनुसार सूट मिळून २५ फेब्रुवारी २०१६ रोजी तो सुटला. मात्र यावरून ‘त्या प्रकरणाशी त्याचा काही संबंधच नव्हता’ असा अर्थ त्याच्या चाहत्यांनी काढू नये, कारण ही शस्त्रे त्याच खटल्यातील इतर आरोपींमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचली होती.