व्हिएन्नाला निघालीस म्हणून

टिळकवाडी, बेळगाव

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा तंबोरा लावत बसलो होतो, नीट बोलणं झालं नाही. म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे आपला दुधाचा कुंदा नेऊ नकोस. आई डबा भरायला बसली असेल, तिला माझं नाव सांग. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. सापडला तर कचऱ्यात जाईल, आणि ते काही मला सोसायचं नाही. त्यापेक्षा कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ने. दुपार त्यावर निघाली की संध्याकाळचे पैसे हातात राहतात. पाणीही विकत घेऊ नकोस. १८७३ पासून त्या शहरात डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळाला येतं.

ऑपेरा हाउसच्या आसपास विग आणि लाल कोट घातलेली माणसं तिकिटं विकतात. मी पहिल्या खेपेला त्यातल्याच एकाकडून तिकीट घेतलं. दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे गेले, आणि पदरात पडले एका छोट्या हॉलमधले मोझार्टचे तुकडे, तेही घाईघाईने वाजवलेले. तू सरळ ऑपेरा हाउसचं उभ्याचं तिकीट काढ. श्टेहप्लात्झ म्हणतात त्याला. त्याच दिवशी मिळतं आणि खुर्चीच्या मानानं फारच स्वस्त. आत गेल्यावर कठड्याला रुमाल बांध म्हणजे जागा तुझी. हो, एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, अगदी तसंच! १८६९ साली उघडलेल्या त्या भव्य वास्तूत हे बघून मला हसू आवरेना. शब्द वाचायला समोर छोटा पडदाही असतो. पहिल्याच दिवशी वाग्नर या संगीतकाराचा ऑपेरा मात्र नको, त्याचे काही ऑपेरा पाच-पाच तास चालतात आणि पाय आपलेच असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलीस तर ऑपेरा बंद. पण तेव्हा टाउन हॉलसमोरच्या मैदानात मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि मैफली फुकट दाखवतात, बाजूला खाण्याच्या गाड्या. मला विचारशील तर तीही संध्याकाळ वाईट नाही.

सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची रचना, ऐकायला गेलीस तर एक सांभाळ. तिचे बहुधा चार भाग असतात, मध्ये टाळी वाजवायची नाही. आपल्याकडे समेवर वाहवा न देणारा माणूस संशयास्पद, तिथं उलट. दोन भागांच्या मधली ती शांतता चुकवू नकोस. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं मी तुला ऐकवायचो, तेव्हा सूर थांबला की काय ऐकू येतं ते विचारायचो. आठवतंय? तेच कान घेऊन जा. राग शोधत बसू नकोस, तो तिथं नाही.

सुटल्यावर ऑपेराच्या मागं, आल्बर्टिना म्युझियमजवळ सॉसेजची टपरी आहे. रेशमी गाऊनमधल्या बायका आणि सॅक लावलेली पोरं एकाच फळीवर कोपर टेकून खातात. केझेक्राइनर माग. ते डुकराच्या मांसाचं असतं, आत चीज. पहिला घास जपून घे, उकळतं चीज उडून माझ्या एकुलत्या एक चांगल्या शर्टावर नकाशा उमटला होता. सोबत पाव, मोहरीची चटणी आणि क्रेन नावाचं किसलेलं मूळ. फेसलेली मोहरी नाकात चढते ना, तशी सणक. सोबतची मैत्रीण मांस खात नसेल तर थंडीत कोळशावर भाजलेले चेस्टनट कागदाच्या पुडीत मिळतात. चवीला आपल्या भाजलेल्या रताळ्याच्या जवळचे.

सांब्र्याहून विमान कितीचं ते कळव. सोडायला येतो, कुंदा तिथंच बसून संपवू.

तुझे,
सर