वाचक विचारतात : आवडलेला लेख जपायचा कसा?

प्रश्न : गेल्या तीन अंकांतली लेखमाला फार आवडली. लेख कापून वहीत चिकटवू की पूर्ण अंकच ठेवू?

उत्तर : जागा असेल तर अंकच ठेवा. कापायचेच असेल तर आधी पान उलटून पाहा. मागे बहुधा दुसऱ्याच लेखाचा शेवट असतो. मधोमध पिना मारलेल्या अंकात आणखी एक घोळ आहे. मुखपृष्ठ न मोजता ६४ पृष्ठांचा अंक घ्या. त्यात पृष्ठ ५-६ आणि ५९-६० हा एकच सलग कागद असतो. ५-६ मुळापासून कापले की ५९-६० सुटून हातात येते. म्हणून घडीलगत बोटभर पट्टी सोडा आणि स्टीलची फूटपट्टी ठेवून पात्याने कापा. खाली जाड पुठ्ठा सरकवायला विसरू नका, नाहीतर पुढची पानेही चिरली जातात.

कापल्याबरोबर समासात पेन्सिलीने मासिकाचे नाव, महिना, वर्ष आणि पृष्ठ लिहा. हे आज लिहिले नाही तर नंतर कधीच लिहिले जात नाही.

वहीत मात्र चिकटवू नका. पाणीदार गोंदाने पातळ कागद सुरकुततो, खळ कसरीला आवडते आणि सेलोटेपचा चिकटा पिवळा पडून अक्षरांवर उतरतो. लॅमिनेशन तर नंतर काढताच येत नाही. विषयवार मोठी पाकिटे करा आणि कात्रणे घडी न घालता ठेवा.

पूर्ण अंक ठेवलात तर पिनांवर नजर असू द्या. घडीत तांबूस ठिपके दिसले की गंज धरला समजा. बोथट सुरीने पिनेचे पाय सरळ करून ती काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ मारा.

प्रश्न : गुळगुळीत कागदाचा अंक भिजला. पंख्याखाली वाळवला तर पाने एकमेकांना चिकटून बसली. सोडवता येतील का?

उत्तर : बहुतेक नाही. ओढाल तर छपाईच सोलून निघेल. अशा कागदावर पांढऱ्या मातीसारख्या भुकटीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. ओला झाला की तो मऊ पडतो आणि दाबाखाली वाळताना समोरच्या पानाला धरून बसतो. त्यामुळे जे करायचे ते पाने ओली असतानाच. एकेक पान अलगद सोडवून मध्ये टीपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. त्या दिवशी वेळ नसेल तर अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. नंतर सवडीने काढून वाळवता येतो. हेअर ड्रायरच्या वाटेला जाऊ नका, पाने वेडीवाकडी होतात. तुमच्या अंकासाठी ग्रंथालयातून त्या लेखाची झेरॉक्स काढणेच बरे.

प्रश्न : लेख वाचल्याचे आठवते, पण कोणत्या अंकात ते आठवत नाही.

उत्तर : एक वही करा. विषयाला दोन पाने द्या आणि लेख वाचून होताच एक ओळ लिहा : शीर्षक, लेखक, महिना-वर्ष, पृष्ठ. शीर्षकावरून मजकूर कळत नसेल (बरेचदा कळत नाहीच, हे आम्हालाही मान्य) तर पुढे चार शब्द आपले घाला. आवडलेलेच लेख नोंदवा. सगळे नोंदवायला गेलात तर वही दुसऱ्या महिन्यात बंद पडते.

प्रश्न : जुन्या अंकांच्या कडाच आधी का पिवळ्या पडतात?

उत्तर : स्वस्त कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते, आणि बंद अंकात दोन्ही आधी कडांनाच लागतात. अंक बंद खोक्यात ठेवा, पण ओलसर भिंतीपासून दूर.