ग्वाल्हेरच्या संगीतक्षेत्राने शासनाबरोबर दहा वर्षांचा आराखडा कसा करावा?

तुम्ही विचारलंय की २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी ठरवलं, तर आता इथले गायक-वादक, क्लासवाले, साउंडवाले आणि वाद्यं दुरुस्त करणारे यांनी शासनाबरोबर बसून दीर्घ मुदतीचा आराखडा करायचा तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात अंदाजपत्रकाच्या वेळापत्रकापासून करा. दहा वर्षांचा आराखडा एकदम कुठेच मंजूर होत नाही, मंजूर होतो तो पुढच्या आर्थिक वर्षाचा खर्च. त्याची जुळवाजुळव दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. त्यामुळे फेब्रुवारीत निवेदन घेऊन गेलात तर हार-तुरे होतील, फोटो निघेल, पैसे मात्र निघणार नाहीत. तुमचा कागद सप्टेंबरअखेर आवक-जावक शाखेत पडलेला हवा, त्याचा नोंदणी क्रमांक तुमच्या वहीत हवा, आणि तो हिंदीतच हवा, कारण त्यावरून नोटशीट (फाइलवरची टिप्पणी) लिहिणारा बाबू हिंदीत काम करतो.

युनेस्कोच्या दर्जाबरोबर पैसे येत नाहीत. शहराने दर चार वर्षांनी कामाचा अहवाल द्यायचा असतो, म्हणजे आपला पहिला २०२७ चा. नगर निगमाची, म्हणजे महानगरपालिकेची, मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली आणि मुदत पाच वर्षांची, म्हणजे निवडणूकही त्याच वर्षात येते. आचारसंहिता लागली की नवीन मंजुऱ्या थांबतात. अहवालात दाखवायची कामं त्याआधीच्या आर्थिक वर्षात मंजूर होऊन चालू झालेली असली पाहिजेत.

दार कोणतं ठोठवायचं हेही नीट ठरवा. जागा, सभागृहं, परवानग्या यांसाठी नगर निगम. तानसेन समारोह आणि राज्याच्या संगीत अकादमीचे कार्यक्रम भोपाळच्या संस्कृती विभागाकडे. सर्वेक्षणाला माणसं हवीत तर इथलंच राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ. गुरु-शिष्य परंपरेचं अनुदान दिल्लीच्या संस्कृती मंत्रालयाचं. एकच निवेदन चौघांना पाठवलं की प्रत्येकजण ते दुसऱ्याचं समजतो.

तुमच्या बाजूने एक नोंदणीकृत संस्था लागेल. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या कायद्याखाली किमान सात सदस्य, मग पॅन, बँक खाते, दर वर्षी ऑडिट. केंद्राच्या अनुदानाला ‘दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणीही मागतात. यात वर्ष सहज जातं, म्हणून हे आजच सुरू करा.

पण खरं बळ गणनेत आहे. शहरात कोण शिकवतो, किती विद्यार्थी, कुठल्या सभागृहात किती खुर्च्या आणि भाडं किती, तंबोऱ्याची जवारी लावणारे (तार नीट झंकारावी म्हणून घोडी घासून देणारे) कोण, त्यांचं वय काय. या शेवटच्या रकान्यातून आराखडा आपोआप लिहिला जातो. जवारी लावणारा गावात नसेल तर तंबोरा मिरजेला पाठवावा लागतो. मग दोन तरुणांना सहा महिने मिरजेच्या कारागिरांकडे ठेवणं, परतल्यावर त्यांना दुकानापुरती जागा नगर निगमाने देणं, असं काम कागदावर मांडता येतं. ‘कारागिरांना प्रोत्साहन द्यावे’ या वाक्यावर कोणीही सही करतो आणि कोणीही काही करत नाही.

तानसेन समारोह १९२४ पासून चालत आलाय, तो होतच राहील. आराखडा उरलेल्या वर्षासाठी असू द्या. उदाहरणादाखल, महिन्याला गाण्याची एक मैफल धरा: मुख्य कलाकार २५,०००, दोन साथीदार १६,०००, ध्वनी ९,०००, रेकॉर्डिंग ५,०००, किरकोळ ५,०००. एकूण ६०,०००, वर्षाला ७ लाख २० हजार. एवढा आकडा नगर निगमाच्या आयुक्तांसमोर ठेवता येतो. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या कार्यक्रमाला १.५ लाखांपर्यंतच्या मानधनावर कलाकाराला जीएसटी लागत नाही, हे लेखा शाखेला आधीच लिहून द्या, नाहीतर बिल अडकतं.

सगळ्यात जास्त घोळ टेंडरमध्ये होतो. सर्वांत कमी दर देणारी इव्हेंट कंपनी काम घेते, खाली पोटठेकेदार नेमते, आणि ख्यालाच्या मैफिलीला डीजेचे स्पीकर येतात. म्हणून तांत्रिक अट टेंडरमध्येच घालून घ्या: गायकाला एक माइक, दोन तंबोऱ्यांना दोन, तबल्याला दोन, पेटीला एक, सारंगीला एक, मंचावर किमान तीन मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर), आणि श्रोते येण्याआधी एक तास ध्वनी-तपासणी. काम झाल्यावर ३० दिवसांत पोटठेकेदाराचे पैसे चुकते केल्याची पावती जोडल्याशिवाय कंपनीचं अंतिम बिल निघू नये, ही अट माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. स्थानिक साउंडवाले टिकले तर शहर टिकतं.

मोकळ्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिवर्धक चालत नाही. राज्य शासन वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं आणि त्या दिवसांवर सगळ्या उत्सवांचा डोळा असतो. संगीताचे दिवस त्या यादीत वर्षाच्या सुरुवातीलाच नोंदवून घ्या. उशिराची मैफल बंद सभागृहात ठेवलीत तर हा प्रश्न येत नाही.

रेकॉर्डिंगचा करार वेगळा करा. कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षांचा असतो. मूळ फाइल कोणाकडे, विद्यापीठात ऐकवता येईल का, इंटरनेटवर टाकली तर कलाकाराला काय मिळेल, हे मैफिलीआधी सहीनिशी ठरलं नाही तर दहा वर्षांत जमवलेला संग्रह कपाटात पडून राहतो. फाइल २४ बिट वेव्ह (आवाज न दाबता साठवणारा प्रकार), दोन प्रती, दोन वेगवेगळ्या इमारतींत.

अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, म्हणून दर तिमाहीला त्यांच्याबरोबर बैठक घ्या, तिचं इतिवृत्त त्याच आठवड्यात जावक क्रमांकासह पाठवा, आणि नवीन आयुक्त रुजू झाले की पहिल्या भेटीत तीच फाइल घेऊन जा.