बीटचं लोणचं आंबट होतं, व्हिनेगर निम्मं करू का?
फ्रीजबाहेर टिकवायच्या बरणीत कृपया करू नका. बीटमध्ये आम्ल कमी. हवाबंद बरणीत पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका मोठा तितकं आम्ल कमी) ४.६ च्या वर राहिला तर बॉट्युलिझमचं, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचं, विष तयार होऊ शकतं, आणि ते वासावरून कळेलच असं नाही. ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर दोन भाग, पाणी एक भाग, हे प्रमाण मोडू नका. आंबट लागलं तर साखर वाढवा. भरून झाकण लावलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात ३० मिनिटं ठेवा, उंचावरच्या गावी त्याहून जास्त. व्हिनेगरशिवाय नुसतं बीट भरायचं तर प्रेशर कॅनरच (बरण्या दाबाखाली तापवायचं खास भांडं) लागतो, घरचा कुकर नाही.

आणि हो, उकडताना देठ-मूळ अडीच सेंटिमीटर राहू द्या, नाहीतर तो सुंदर रंग पाण्यात जातो.